तारामावशीची किळस

सडलेल्या शेवंतीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून तारामावशी सुतळीचं बंडल शोधून काढायची. मेलेली घूस शेपटीला धरून बांधापलीकडे भिरकावताना तिच्या कपाळावर आठी पडत नसे. पण शेजारून जाणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर, वेगाच्या नि पेट्रोलच्या काट्यांवरून, टर्किश टॉवेल अंथरलेला दिसला, की ती तोंडाला पदर लावायची.

"ईऽऽ! बघ त्याच्याकडं. काट्यांवर गोधडी पांघरली मेल्यानं. मला ओकारी येती बाई."

मखमलाबाद रस्त्याला तिच्या फुलांच्या मळ्याला लागून आमचं भाड्याचं घर होतं. मी टेलिफोन ऑफिसात नोकरीला. सकाळी ती पांढऱ्या व्हॅनमधून फुलं घेऊन बाजारात जायची आणि मला वाटेत सोडायची. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे बसायची जागा तापायची. मागे झेंडूची क्रेट्स, त्यातून झिरपणारं पाणी, आणि त्या पाण्याचा कायमचा कुबट वास. शिवाय मावशी मिश्री लावायची आणि चालत्या गाडीतून खिडकीबाहेर पिचकारी टाकायची. मला त्या पिचकारीची जी शिसारी यायची, ती मी तिला बोलून दाखवली, तर म्हणाली, "तू सरळ रस्त्याकडं बघ ना. माझ्या तोंडाकडं कशाला बघू राह्यली?"

म्हणजे किळस ही तिच्या मते फक्त तिची मिरासदारी होती.

त्या काळात आमच्या बाजूला बाई गाडी चालवते हेच एक नवल होतं. मावशी शिकली ती नवऱ्याच्या कृपेनं. नाना म्हणजे गरीब गाय. त्यांच्याकडे आधी एक टेम्पो होता. नानांना हँडब्रेक ओढायचा कंटाळा. ते उतरून मागच्या चाकाला एक वीट लावायचे आणि निघून जायचे. एकदा मळ्यात कामाला आलेल्या कुणी बाईनं चुलीला हवी म्हणून ती वीट उचलून नेली. टेम्पो आपल्या आपण सावकाश निघाला आणि विहिरीत गेला. आत माणूस नव्हतं म्हणून निभावलं. क्रेननं तो वर काढला तेव्हा मावशी काठावर उभी होती. चिखल गळणाऱ्या टेम्पोकडे तिनं पाहिलं नाही, नानांकडे पाहिलं. त्या दिवसापासून नानांच्या हाती कुणी किल्ली दिली नाही, आणि त्यांनीही मागितली नाही. तिनं ड्रायव्हिंग शिकून घेतलं आणि टेम्पो विकून व्हॅन आणली.

सीटचा पट्टा बांधायची ती तेव्हापासूनच. नऊवारीवरून तो काळा पट्टा आडवा घेतलेली बाई बघायला फुलबाजारातली माणसं मुद्दाम पुढे यायची. "मावशी, इमानात चालली का?" ती गिअर टाकून निघायची. दर आठवड्याला पट्टा पूर्ण बाहेर ओढून ती साबणानं घासायची, कारण घामट पट्ट्याचा डाग पदरावर उठतो. बाकीच्यांच्या गाड्यांतले पट्टे पाहून तर तिचा जीव खालीवर व्हायचा. कुणी सीटच्या प्लॅस्टिकखाली दाबून टाकलेले, कुणी त्याला पिशव्या टांगलेल्या. चौकात पोलीस दिसला की लोक पट्टा छातीवरून ओढून मांडीखाली दाबतात आणि चौक ओलांडला की सोडून देतात. हे पाहिलं की ती म्हणायची, "पोलीस काय याला टक्कर देणार हे का? त्याला कशाला दाखवू राह्यला?"

तिच्या बोलण्याला धार होती, पण ती माणसाला बरं वाटावं म्हणून कधीच बोलली नाही, हेही सांगायला हवं. बाजारात दगूशेठ म्हणून एक व्यापारी होते. नवी गाडी घेतली आणि देवाचा एक गोल स्टिकर आणून नेमका तेलाच्या लाल दिव्यावर चिकटवला. का, तर दिवा सारखा लागतो आणि डोळ्यांत जातो. मावशीनं खिडकीतून हात घालून तो नखानं उचकटला. खाली दिवा लालबुंद. "शेठ, इंजिनात तेल नाय. तो दिवा तुम्हाला हाका मारू राह्यला, तुम्ही त्याच्या तोंडावर देव बसवला." शेठ संतापले. बाईमाणसानं देवाला नख लावलं म्हणून चार माणसं गोळा झाली. शेठनी नवा स्टिकर लावला आणि आठवडाभरातच गाडी पेठ रोडला जाम होऊन उभी राहिली. शेठ बिचारे दुसऱ्या गाडीमागे टोचनाच्या दोरानं ओढले जात बाजारात आले, तर ही सगळ्यांदेखत म्हणते, "तुम्ही दिव्यावर देव बसवला, देवानं इंजिन बसवलं. फिटंफाट." मला तेव्हा शेठची दया आली. तिला आली नाही.

मात्र तिची अशी फजिती एकदा झालीच, आणि मी ती मनापासून उपभोगली. "काटा खोटं बोलत नाय, माणूस बोलतो," हे तिचं आवडतं वाक्य. एका सकाळी होळकर पुलाच्या ऐन मध्यावर व्हॅन आचके देऊन बंद पडली. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर ठाम उभा होता. मावशीनं नखानं काचेवर टिचकी मारली आणि काटा एका दमात तळाला गेला. मागे भोंग्यांचा गदारोळ. धक्का मारायला कोण आलं? दगूशेठ आणि त्यांची हमाल मंडळी. "मावशी, काटा काय म्हणतो?" असं दर दोन पावलांना विचारत त्यांनी व्हॅन पंपापर्यंत नेली. ती स्टिअरिंग धरून नाक मुरडून बसली होती. पुढे कित्येक दिवस ती त्या काट्याकडे बघतही नव्हती. किती किलोमीटर झाले ते मोजून पेट्रोल टाकायची. बेइमान शेजाऱ्याशी बोलणं टाकावं तसं तिनं काट्याशी बोलणं टाकलं होतं.

पण तिची खरी, पोटातून उठणारी किळस दगडांसाठी राखलेली होती. गाडी बंद पडली की आपली माणसं काय करतात? रस्त्याकडेचे मोठाले दगड उचलून चाकांना लावतात, आणखी काही मागे पसरून ठेवतात, त्यात झाडाची फांदी खोचतात. इथवर ठीक. मग गाडी दुरुस्त होते, मंडळी बसतात आणि निघून जातात. दगड तिथेच. मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर जातो. हे मी आयुष्यभर पाहत आले होते आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं. मावशीनं दाखवल्यापासून मला दुसरं काही दिसेना.

तिच्या व्हॅनमध्ये दोन लाकडी ठोकळे असायचे आणि बांबूच्या काठीला बांधलेला एक लाल खण. टायर पंक्चर झालं की आधी ठोकळे चाकांना, मग तो खण रिकाम्या क्रेटमध्ये रोवून बराच मागे ठेवायचा. जॅक लावायच्या आधी नट सैल करायचे. पाना घट्ट बसवून ती त्याच्या दांड्यावर सरळ उभी राहायची, सगळं वजन टाकून. काम संपलं की पहिल्यांदा ठोकळे आणि खण आत, मग माणसं आत. एकदा सावळ घाटाच्या अलीकडे एक ट्रकवाला दगड टाकून निघालेला तिनं पाहिला. व्हॅन पुढे घालून तिनं ट्रक अडवला.

"उतर. उचल ते."

"मावशी, उशीर झाला हो लय."

"मागं तुझा भाऊ मोटारसायकलवर यील, त्याला उशीर होऊ दे मंग. कायमचा."

तो शिव्या पुटपुटत उतरला आणि दगड उचलून कडेला टाकून आला. ती तोवर व्हॅनला टेकून मिश्रीची पिचकारी टाकत होती, रस्त्यावरच.

अशा बाईची एकुलती एक लेक वैशाली. दिसायला नानांसारखी, स्वभावालाही नानांसारखी, निदान आम्हाला तसंच वाटायचं. विंचूरचं स्थळ आलं. कांद्याचे व्यापारी, घर भरलेलं, मुलगा प्रमोद हसतमुख. वैशालीला तो मनापासून आवडला. पत्रिका छापून आल्या आणि पेठकडच्या एका पाहुण्याला द्यायला प्रमोद त्याच्या गाडीतून आम्हाला घेऊन गेला. वैशाली पुढे, मी आणि मावशी मागे. पट्टा त्यानं पेठ नाक्यावर ओढून मांडीखाली दाबला आणि नाका सरताच सोडला. मावशीनं माझ्याकडे बघितलं, पण होणारा जावई म्हणून तोंडाला पदरही लावला नाही.

परतीच्या वाटेवर घाटाचा उतार लागला आणि प्रमोदनं गिअर काढून इंजिन बंद केलं. गाडी मुकाट घरंगळायला लागली.

"हे काय केलं?" मावशीनं विचारलं.

"पेट्रोल वाचतं मामी. खालपर्यंत फुकटात जायचं." आणि तो हसला.

"चालू करा इंजिन."

"घाबरल्या का मामी?"

पुढच्या वळणावर शेळ्या आडव्या आल्या. त्यानं ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. इंजिन बंद असलं की ब्रेकला त्याचा जोर मिळत नाही; पहिले एकदोन दाब लागतात आणि मग पायाखाली दगड येतो. तो दगड त्याच्या पायाखाली आला तसा त्याचा चेहरा मला आरशात दिसला. मावशी तोवर दोन सीटच्या मधून पुढे झेपावली होती. तिनं हँडब्रेक धरला आणि दातओठ खात हळूहळू वर खेचला. गाडी फरफटत शेळ्यांच्या कळपात जाऊन थांबली. एक शेळी बोनेटला नाक लावून हुंगत होती.

मावशी दार उघडून उतरली, कठड्याशी गेली आणि भडाभडा ओकली. इतक्या वर्षांत ओकारी येती, ओकारी येती म्हणणारी ही बाई खरंच ओकलेली मी एवढी एकदाच पाहिली. आणि प्रमोदनं विंचूरला जाऊन काय सांगितलं? मामींना घाटात गाडी लागते. लग्नघरात जो तो तिला आल्याची गोळी देत होता.

"मोडून टाक," मी म्हटलं.

"काय सांगू? पोरानं इंजिन बंद केलं म्हणून लग्न मोडलं? आणि पोरगी जीव टाकती त्याच्यावर." मग पत्रिका सारख्या करत म्हणाली, "वैशी माझ्याकडं बघतबी नव्हती गं. त्याच्याकडं बघत होती. त्याला लाज वाटू नये म्हणून."

लग्न औरंगाबाद रोडच्या एका लॉन्सवर, उन्हाळ्यात. पाठवणीला दिवेलागण झाली. वैशाली गळ्यात पडली होती, मावशी हमसून रडत होती, बाया डोळे पुसत होत्या. आणि लेकीच्या खांद्यावरून तिला नवरा-नवरीची गाडी दिसली. टपावरून बोनेटपर्यंत झेंडूच्या माळा, एकीला एक चिकटून. पुढच्या काचेवर हातभर रुंदीची फट तेवढी मोकळी. हेडलाइटवर जरबेराची तबकं. झेंडू तिच्याच मळ्यातला. चालवायला प्रमोदचा मित्र, त्याचे डोळे दुपारपासून लाल. मावशीचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं. तिनं लेकीला बाजूला केलं, गाडीशी गेली आणि काचेवरच्या माळा दोन्ही हातांनी ओरबाडून काढल्या. मग तबकं. कुणी अडवायच्या आत सगळं जमिनीवर होतं.

"नवरीच्या गाडीचा हार तोडला!" विहीणबाई किंचाळल्या. "आईनंच अपशकुन केला!"

"काचंतून दिसाया नको? आंधळ्यांच्या घरात दिली मी पोर!"

हे शेवटचं वाक्य तिनं म्हणायला नको होतं. काच मोकळी झाली, गाडी विंचूरला सुखरूप पोचली, आणि वैशालीचं माहेर तुटलं.

आखाडात नव्या नवरीला माहेरी आणतात. नाना मुराळी म्हणून गेले आणि चहा पिऊन एकटेच परत आले. पंचमीला आली नाही. फोन केला तर विहीणबाईच उचलायच्या. "आंधळ्यांच्या घरातून कशी यील बाई ती? वाट सापडायची नाय तिला." मला त्या बाईचा आणि तिच्या त्या खुसखुसण्याचा इतका तिटकारा आला होता की फोन ठेवला तरी कान धुवावेसे वाटायचे. त्याहून वाईट म्हणजे मावशीची किळस आटली. डॅशबोर्डवर टॉवेल, गणपती, फुलदाणी, काय वाटेल ते दिसलं तरी ती नुसती पुढे बघून गाडी चालवायची. रस्त्यात कुणाचे दगड आडवे आले तर वळसा घालून जायची. एकदा मीच म्हटलं, "उतरून उचलू का?" तर म्हणाली, "राहू दे. मी कोण लागून गेली?"

दसऱ्याच्या आधी विंचूरहून निरोप आला. अट साधी होती. दसऱ्याला प्रमोदच्या गाडीची पूजा मावशीच्या हातानं व्हायची. हार तिच्या मळ्यातला, लग्नात होता तसाच, काचेवरून. सगळ्यांदेखत. मग त्याच गाडीतून प्रमोद वैशालीला माहेरी आणून सोडेल, दिवाळीपर्यंत.

दसऱ्याला मावशी मला सोबत घेऊन विंचूरला गेली. "माझं तोंड सुटाया लागलं तर चिमटा काढ," म्हणाली. गल्ली अरुंद म्हणून तिनं व्हॅन मोठ्या रस्त्यावरच उभी केली. फुलांची पाटी तिनं स्वतः डोक्यावर घेतली, मला हात लावू दिला नाही. अंगणात भाऊबंद जमले होते. ओसरीवर विहीणबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. वैशाली दाराआड.

मावशीनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मग माळा काढल्या आणि टपावरून काचेवर एकेक सोडत गेली. विहीणबाई ओसरीवरून सांगत होत्या, "आणिक दाट. हां. तिकडंबी." फट बुजली. काच पूर्ण झाकली गेली. लोक हसत होते. ते हसणं मला आजही आठवतं आणि आजही तोंडाला पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

"शोभली," विहीणबाई म्हणाल्या. "चला, मी बी येती. विहिणीच्या घरची पुरणपोळी खाती." त्या मागच्या सीटवर ऐसपैस बसल्या. वैशाली पुढे. प्रमोदनं किल्ली फिरवली आणि मग त्याला कळलं की समोर काहीच दिसत नाही. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली, उजवीकडे भिंत, डावीकडे गटार. आईपुढे हार काढायची त्याची हिंमत होईना.

तेव्हा मावशी गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "या," म्हणाली. "मी सांगते तसं या." आणि तोंड गाडीकडे करून ती उलटी चालायला लागली. "थोडं उजवीकडं. सरळ. सरळ या. थांबा, गटार हाय." हात वर करून, खाली करून, ती त्या आंधळ्या गाडीला गल्लीतून घेऊन निघाली. प्रमोद खिडकीतून मान वाकडी करून तिच्या हाताकडे बघत होता. पोरं मागे, माणसं मागे, टाळ्या. मी बाजूनं चालत होते. चिमटा काढायची काही गरज नव्हती. तिच्या तोंडातून जावईबापूंना सांभाळून आणण्यापलीकडे एक शब्द निघाला नाही.

गल्ली संपली. पाठीमागे मोठा रस्ता, ट्रॅक्टर-ट्रक धडधडत चाललेले. मावशी तोंडाशी थांबली आणि तिनं हात खाली सोडले. प्रमोदनं हॉर्न वाजवला. ती हलली नाही.

"हो की बाजूला!" विहीणबाई आतून ओरडल्या. "आता काय?"

हाराला मावशीनं हात लावला नाही. नुसती उभी राहिली, गाडी आणि रस्ता यांच्या मध्ये. प्रमोदनं पुन्हा हॉर्न दिला, पण अर्धाच.

पुढचं दार उघडलं आणि वैशाली उतरली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं आधी गाडीला नमस्कार केला. मग टपावरून एकेक माळ सोडवली, एकही फूल पडू न देता, सगळा भारा दोन्ही हातांत उचलला, मागचं दार उघडलं आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. त्या हनुवटीपर्यंत झेंडूत बुडाल्या.

"आत्याबाई, पूजेचा हाय. भुईला नको लागाया. घरापर्यंत तुम्हीच धरा," ती मऊ आवाजात म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाय."

विहीणबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात एक माळ घसरायला लागली आणि त्यांनी ती घाईनं छातीशी धरली. वैशाली पुढे जाऊन बसली, स्वतःचा पट्टा ओढून लावला आणि प्रमोदकडे बघत राहिली. बघतच राहिली. शेवटी त्यानंही लावला.

मावशी बाजूला झाली. गाडी तिच्यासमोरून मोठ्या रस्त्याला लागली. पलीकडच्या गतिरोधकाशी प्रमोदनं ब्रेक दाबला. मावशीचे डोळे भरून वाहत होते, पदर तोंडाला होता, आणि त्या पदराआडून ती कित्येक महिन्यांनी तिच्या जुन्या, भरभक्कम किळसेनं म्हणाली,

"ईऽऽ, डावा ब्रेकलाइट लागत नाय गं जावईबापूंचा. चल, बस लवकर, त्यांच्या मागंच राहू."